वीस धरून

आमच्याकडे रक्तदाब कोणी म्हणत नाही. बीपी म्हणतात, आणि तोही घरी उतरलेल्या पाहुण्यासारखा. "मले बीपी आला." "तिचा बीपी गेला एकदाचा." "आमच्या बुढ्याचा बीपी काही ऐकूनच नाही राहिला." दवाखान्यात नवीन लागले तेव्हा मला ह्या बोलण्याचं हसू यायचं. आता कोणी समोर बीपी म्हटलं की डोकं फिरतं माझं. का फिरतं तेच सांगायला बसले आहे, आणि सांगताना स्वतःला सोडणार नाही.

लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. एसटी थांबते त्याच्या समोरच दवाखाना. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाक, टेबल आणि मी. आतल्या खोलीत डॉक्टर. मी नर्स नाही. बारावी झाले, लग्न झालं, ते दोन वर्षांत संपलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आई आधीच गेली होती. घरी बाबा एकटे होते, तिथं परत आले. डॉक्टर म्हणाले, येतेस का चिठ्ठ्या फाडायला? गेले. चिठ्ठ्या फाडता फाडता ताप पाहायला शिकले, मग वजन करायला, मग बीपी पाहायला. सहा महिन्यांत सारं गाव मला सिस्टर म्हणू लागलं. मी कधी कोणाला म्हटलं नाही की बाप्पा, मी सिस्टर नाही. आवडायचं मला ते. खोटं कायले बोलू?

कामाची रीत अशी होती. पेशंट माझ्यापाशी बसायचा. दंडाला पट्टा बांधायचा, रबरी फुगा दाबून हवा भरायची, कानाला नळी लावायची आणि हवा सोडता सोडता गोल तबकडीवरची सुई कुठं आहे ते पाहायचं. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके थांबले तो खालचा. दोन्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पेशंटच्याच हाती द्यायची. तो ती घेऊन आत जायचा. डॉक्टर चिठ्ठी पाहायचे, छाती तपासायचे, गोळ्या लिहायचे. बीपी ते पुन्हा पाहत नसत. बाजाराच्या दिवशी बाक भरून पायरीपर्यंत माणसं बसलेली, त्यांना कुठून सवड! माझ्या हातावर त्यांचा भरवसा होता. ते पेशंटसमोर तसं बोलूनही दाखवायचे. "सिस्टरनं पाहिला ना? मग झालं." मी टेबलामागे ताठ बसायचे.

आता बाबांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच आलं.

बाबा मापारी. गावातल्या धानाच्या व्यापाऱ्याकडे त्यांनी चाळीस वर्षं धान मोजलं. शेतकरी धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, घेऊन यायचे. बाबा ती काट्यावर चढवायला लावायचे आणि आकडा ओरडून सांगायचे. पण पहिला कट्टा चढायच्या आधी त्यांचं एक ठरलेलं होतं. दोन्ही हात वर करून काट्यापासून दोन पावलं मागं व्हायचं आणि शेतकऱ्याला म्हणायचं, "काटा रिकामा पाहून घ्या, भाऊ." शेतकऱ्यानं वाकून पाहिलं, हाव म्हटलं, की मग मोजणी. दिवसातून कितीही गाड्या येवोत, प्रत्येकाला हे दाखवायचं म्हणजे दाखवायचं. व्यापारी चिडायचा. "अरे, सकाळी पाह्यला ना काटा, आता काय दर घडीले आरती करतं का त्याची?" बाबा ऐकून घ्यायचे आणि पुढच्या गाडीला पुन्हा हात वर करायचे. लहानपणी मी त्या काट्यावर बसायचा हट्ट करायचे. तेव्हाही बाबा आधी रिकामा काटा मला दाखवायचे आणि मगच उचलून बसवायचे. मी केवढी, माझं वजन केवढं!

आकडा सांगायची त्यांची एक बोली होती. "चाळीस सहाशे, बारदाना धरून." म्हणजे चाळीस किलो सहाशे ग्रॅम, त्यात रिकाम्या पोत्याचं वजन आलं. आमच्या घरात 'धरून' शब्दाचा अर्थ हाच. जे धरलं ते आकड्याच्या आत गेलं, आता वेगळं काही मिळवायचं नाही, काढायचं नाही. शाळेत जायच्या आधीपासून हा शब्द माझ्या कानात असाच बसला.

आणखी एक रीत होती त्यांची. धानाचा हंगाम आला की व्यापारी दुसरा काटा लावायचा आणि दुसरा मापारी ठेवायचा. त्याचा आकडा चुकला तर ते बाबांना लांबूनच समजायचं. पण शेतकऱ्यासमोर, व्यापाऱ्यासमोर ते एक शब्द काढायचे नाहीत. काम सुटलं की चहाच्या टपरीवर त्याच्याजवळ बसून हळूच विचारायचे, "तिसऱ्या गाडीले काय झालं होतं गा?" मी एकदा विचारलं, तिथंच काहून नाही सांगत? तर म्हणाले, "चारचौघात मापाऱ्याचं माप काढलं तं त्याची रोजी जाते, बाई." बाई म्हणजे मी. मला ते बाईच म्हणतात.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. दवाखान्यात गर्दी होती. पट्टा काढताना कोण्या पोराचा धक्का लागला आणि तबकडी टेबलावरून फरशीवर पडली. काच शाबूत राहिली, पण सुई जागेवर येईना. हवा पूर्ण सोडली तरी ती शून्याच्या खाली, चांगली वीसभर अंतरावर जाऊन बसायची. मी आत जाऊन दाखवलं. डॉक्टरांनी कपाटातून त्यांचं जुनं पाऱ्याचं यंत्र काढलं. ते कामाला लावण्यासारखं राहिलं नव्हतं, फुगा फाटत चालला होता. पण त्याच्यावर एकदा आणि ह्याच्यावर एकदा, असा त्यांनी माझाच बीपी पाहिला. दोनदा पाहिला. ह्याच्यावर वीस कमी.

"वीस कमी दाखवून राहिली," ते म्हणाले. "नवीन आणतो भंडाऱ्याहून. तोवर वीस धरून चालायचं."

मी म्हटलं, "हो सर."

बस्. एवढंच बोलणं झालं. त्या एका वाक्यावर मी किती रात्री तळमळून काढल्या, ते माझं मला माहीत. वीस धरून चालायचं. कोणी धरायचं? ते म्हणाले नाहीत, मी विचारलं नाही. विचारायचं काही आहे असं वाटलंच नाही मला. मापाऱ्याची पोर मी! धरून म्हणजे आकड्याच्या आत. सुईनं एकशे दहा दाखवलं की मी त्यात वीस मिळवून चिठ्ठीवर एकशे तीस लिहू लागले. आणि आत डॉक्टरांना वाटायचं की मी सुईवरचाच आकडा लिहिते, त्यात वीस त्यांनी धरायचे आहेत. ते मनातल्या मनात मिळवायचे. एकशे तीसचे एकशे पन्नास.

दोघंही रोज इमानदारीनं वीस वीस मिळवत होतो. आणि मशीन काही भंडाऱ्याहून आली नाही. आज आणतो, उद्या आणतो. चालून तर राहिलं होतं ना सगळं!

बाबांना बीपीची एक गोळी आधीपासून होती. मी त्यांना दर महिन्याला दवाखान्यात आणायचे, रांगेत बसवायचे, सगळ्यांसारखी चिठ्ठी द्यायचे. आपला माणूस म्हणून पुढं घातलं असं कोणी म्हणू नये. एका महिन्यात मी चिठ्ठीवर एकशे चाळीस लिहिलं. डॉक्टरांनी दुसरी गोळी लावली. मला थोडं नवल वाटलं, पण ते डॉक्टर, मी कोण? पुढच्या महिन्यात मी एकशे तीस लिहिलं. त्या दिवशी मी पाण्याचा ग्लास घेऊन आत गेले होते, आणि डॉक्टर बाबांना म्हणत होते, "एकशे पन्नास आहे अजून. पाण्याची गोळी पण घेत जा सकाळची."

ऐकलं मी. ह्या कानांनी ऐकलं. एकशे पन्नास.

तिथंच ग्लास ठेवून म्हणायला पाहिजे होतं की सर, मी तर एकशे तीस लिहिलं आहे. पण मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, डॉक्टर बाबांना घाबरवून राहिले. आमच्याकडे तशी रीतच आहे. बीपी उतरला म्हटलं की लोक त्याच दिवशी गोळी बंद करतात, म्हणतात उतरला ना, आता कायले खायची? म्हणून डॉक्टर थोडं वाढवून सांगतात. मला वाटलं, बरं केलं, बाबा गोळी चुकवतात अधूनमधून, आता चुकवणार नाहीत. मी हसले मनात. परत बाहेर येऊन पुढच्या बाईच्या दंडाला पट्टा बांधला.

पाण्याची गोळी, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी, सुरू झाल्यावर बाबा कुरकुर करू लागले. खाली बसून उठले की डोळ्यापुढं अंधारी. सकाळी खाटेवरून उतरताना भिंत धरायची. एक दिवस जेवताना म्हणाले, "बाई, मले गोळ्या घेतल्या का गरगर होते. एक कमी करू का?"

मी म्हटलं, "खबरदार!"

"तसं नाही. पन तुवा आकडा किती होता वं त्या दिवशी? चिठ्ठीवरचा?"

आणि मी चिडले. दिवसभर लोकांची कुरकुर ऐकून आले होते, भूक लागली होती, आणि चाळीस वर्षं पोती मोजलेला माझा बाप मला बीपी शिकवायला निघाला होता. मी म्हटलं, "तुम्ही कट्टे मोजा, बाबा. बीपी मी मोजते."

त्यांनी ताटात पाणी घेऊन हात धुतला आणि उठले, भिंत धरून.

पुढच्या महिन्यात सुईनं पंचाण्णव दाखवलं. मी एकशे पंधरा लिहिलं. डॉक्टरांनी एकशे पस्तीस धरलं आणि म्हणाले, "आता कसा बरोबर आला! गरगरीचं काही नाही, ऊन आहे. पाणी पित जा." मी घरी येताना बाबांना म्हटलं, पाहा, मी म्हणत होते ना.

उन्हाळी धानाची मोजणी होती. मे महिना. टिनाच्या शेडखाली तापून निघत होतं. बाबा कट्ट्यांच्या थप्पीवर चढून, खाली वाकून एका पोत्याचं तोंड पाहत होते. सुतळी सुटली होती म्हणे. ते उभे झाले आणि तसेच मागं गेले. थप्पी सहा कट्टे उंच. कोणाला धरायला सापडले नाहीत. एका कुशीवर, खाली सिमेंटवर.

दवाखान्यात निरोप आला तेव्हा मी कोणाचा तरी बीपी पाहत होते. पट्टा त्याच्या दंडालाच राहिला, मी धावले.

भंडाऱ्याला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, माझ्याहून लहानच असतील. त्यांनी बीपी पाहिला, पुन्हा पाहिला, आणि गोळ्यांची पिशवी मागितली. मी दिली. त्यांनी पट्ट्या एकेक करून टेबलावर मांडल्या.

"हे सगळं घेतात रोज? आधी चक्कर येत होती का?"

"हाव," बाबा पडल्या पडल्या म्हणाले. "महिना झाला असन."

"बीपी वाढलेला होता म्हणून वाढवल्या गोळ्या," मी म्हटलं. "मी स्वतः पाहत होते. मी दवाखान्यात आहे." हे सांगताना मी जरा मान वर करून बोलले, ते मला आजही दिसतं आणि लाज वाटते.

"किती होता?"

"एकशे तीस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकशे तीसवर तिसरी गोळी? ह्या वयात?"

"नाही, म्हणजे एकशे पन्नास," मी म्हटलं. "मी एकशे तीस लिहिलं होतं, पण डॉक्टर एकशे पन्नास..."

आणि बोलता बोलता मला समजलं. वाक्य तिथंच राहिलं. वीस. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. डॉक्टरबाई काही विचारत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की पट्टा बांधायच्या आधी ती सुई रोज माझ्यासमोर शून्याच्या खाली पडलेली असायची. दीड वर्ष मी तिच्याकडे पाहत होते आणि तशीच पुढं मोजत होते. ज्या माणसानं चाळीस वर्षं रिकामा काटा दाखवल्याशिवाय एक दाणा मोजला नाही, त्याची पोर.

ऑपरेशन झालं, सळई टाकली. चार दिवसांनी काही कपडे घ्यायला मी गावी आले आणि सरळ दवाखान्यात गेले. दुपारची वेळ, बाकावर कोणी नव्हतं. मी आत जाऊन उभी राहिले.

"सर, वीस धरून चालायचं म्हणाले होते तुम्ही."

"हो. मग?"

"मी धरूनच लिहीत होती."

"म्हणजे?"

"वीस मिळवून लिहीत होती चिठ्ठीवर."

त्यांनी चष्मा काढला. टेबलावर ठेवला. पुन्हा उचलून घातला. म्हणाले, "मी पण मिळवत होतो."

मी म्हटलं, "सर, मग आतापर्यंत जितके..."

"दार लोट आधी," ते म्हणाले.

मी दार लोटलं. त्याच दिवशी ते भंडाऱ्याला जाऊन नवीन मशीन घेऊन आले. एका दिवसात येत होती ती मशीन! दीड वर्ष जे झालं नाही ते एका संध्याकाळात झालं. मी ओरडले असते त्यांच्यावर, पण कोणत्या तोंडानं ओरडू? रात्री आम्ही ठरवलं. म्हणजे ते बोलले आणि मी हो म्हटलं. लोकांना सांगायचं नाही. सांगितलं तर उद्या कोणी गोळीच घेणार नाही, ज्याला खरोखर पाहिजे तोही सोडून देईल आणि एखादा अर्धांगाचा झटका येऊन पडेल. एकेक पेशंट येईल तसा नवीन मशीनवर नीट पाहायचा आणि ज्याची जास्त असेल त्याची गोळी कमी करायची. डॉक्टरांचं म्हणणं चूक होतं असं मी आजही म्हणत नाही. बरोबर होतं असंही म्हणवत नाही. मी हो म्हटलं, हे मात्र खरं आहे.

मग सुरू झाला तो प्रकार, जो मला सगळ्यात जास्त खातो. लोक खूश झाले. "सिस्टर, माही एक गोळी कमी झाली!" "बीपी उतरला वाटते माहा!" ज्यांची गरगर थांबली ते बाकावर बसून दुसऱ्यांना सांगायचे की ह्या डॉक्टरच्या हाताले गुण आहे. तलावावर मासे धरणाऱ्या घरातली एक म्हातारी आहे. उन्हाळ्यात ती तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, घसरून पडली होती, मनगट सुजलं होतं, आणि तिला तेव्हा आम्ही म्हटलं होतं की वय झालं, सांभाळून चालत जा. तिची गोळी कमी केली. पंधरा दिवसांनी ती पदराखाली काहीतरी घेऊन आली. वाळवलेले झिंगे, पळसाच्या पानात बांधलेले. म्हणाली, "तुह्यासाठी आनले, माय. तुह्या हातानं बरी झाली मी. आता डोस्कं नाही फिरत."

मी घेतले. काय करणार? नाही म्हटलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं. घरी नेऊन चुलीत टाकले. तो वास दोन दिवस घरात होता.

किती जण पडले असतील, किती जण भिंत धरून चालले असतील, मला मालूम नाही. त्या दीड वर्षात गावात म्हातारी माणसं गेली. माणसं जातातच. कोणाच्या पडण्यामागं आमचे वीस होते आणि कोणाच्या मागं नुसतं वय, हे आता देवालाही सांगता येणार नाही. चिठ्ठ्यांवर तर सगळ्यांचे आकडे चांगलेच आहेत. माझं अक्षर नेटकं आहे, सगळे म्हणतात.

बाबा घरी आले ते खाटेवरच. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, हळूहळू वॉकरवर चालतील. नाही चालले. दोन-तीनदा उभं केलं, पाय टेकताना ओरडले, मग नको म्हणू लागले. आता मीही उभं करत नाही. व्यापाऱ्यानं दुसरा मापारी ठेवला. एक दिवस भेटायला आला, खुर्चीवर बसून म्हणाला, "तुमच्यासारखा कोनी नाही, भाऊ." बाबांनी विचारलं, "काटा रिकामा दाखवते का तो?" व्यापारी हसला नुसता.

बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. रोज ठरवायचे, आज सांगू. सकाळी चहा देताना सांगू, संध्याकाळी पाय चोळताना सांगू. मग त्यांच्याकडे पाहिलं की भाजी काय करू, तेच विचारायचे. सांगून काय होणार? हाड काही जुळून येणार नाही. आणि न सांगितलं तरी ते खाटेवर आहेत, मी खाटेपाशी आहे, सकाळ होते, रात्र होते. मी दवाखान्यात अजून जाते. दुसरं काय काम येतं मला? ही मशीन तर नवीन आहे, तरी एकेकाचा बीपी मी तीन-तीनदा पाहते. लोकांना वाटतं सिस्टरला बापाचं दुःख आहे.

डॉक्टरांनी घरी वापरायला एक वेगळी मशीन दिली आहे, तसलीच तबकडीची, पण चांगली. रोज सकाळी मी बाबांचा बीपी पाहते. सध्या दिवाळीनंतरचं धान येऊन राहिलं आहे. रस्त्यानं ट्रॅक्टर जातात आणि बाबा पडल्या पडल्या आवाजावरून ओळखतात की भरलेला आहे की रिकामा परत चालला. परवा असाच एक गेला. मी पट्टा बांधत होते.

"बाई," ते म्हणाले, "तवा त्या वीसचा काय घोटाळा होता वं?"

माझे हात थांबले. "कोणते वीस?"

"चिठ्ठीवर तुवा एकशे तीस लिवलं होतं. आत गेलो तं डॉक्टर म्हने एकशे पन्नास. त्याच्या आंधीबी तसंच झालं होतं, एकशे चाळीसचे त्यानं एकशे साठ म्हटले. एकडाव चुकते मानूस. दोनडाव वीसनंच कसा चुकन?"

चिठ्ठी. चिठ्ठी तर त्यांच्याच हातात असायची. माझ्या टेबलापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत तेच ती घेऊन जायचे, आणि जन्मभर आकडे वाचलेला माणूस हातातला आकडा वाचल्याशिवाय राहील का? मला हे कधी सुचलंच नाही.

"तुम्हाले दिसलं होतं?" मी म्हटलं. "मग बोलले काहून नाही, बाबा?"

"डॉक्टरसमोर कसा बोलू? तुवं माप होतं थे. त्याले वाटलं असतं का पोरीले मोजता नाही येत. रोजी गेली असती तुवी."

"घरी तरी सांगायचं होतं!"

"घरी तं इचारलं होतं ना, बाई." ते माझ्याकडे नाही, छताकडे पाहून बोलत होते, आवाजात राग नव्हता. "तू म्हनली, तुम्ही कट्टे मोजा."

मी खाटेच्या पायाशी खाली बसले आणि रडले. मग सगळं सांगितलं. मशीन पडली ते, वीस धरून चालायचं म्हणाले ते, मी कसं लिहिलं, त्यांनी कसं धरलं. बाबा ऐकत राहिले. मध्येच त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हंजे तुवेबी वीस आन त्याचेबी वीस," ते म्हणाले. "दोघायचंबी बरोबरच होतं म्हनाव."

रागवा हो, बाबा. एक शिवी तरी द्या. मी मनात हेच म्हणत होते. त्यांनी नुसता दंड पुढं केला.

"रिकामी दाखव आंधी."

मी तबकडी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. सुई शून्यावर होती. त्यांनी नीट पाहिलं, मान किंचित उचलून, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. "हं. घे आता."

मी घेतला. "एकशे अठ्ठावीस."

"धरून?"

"नाही, बाबा. काहीच नाही धरलं. आहे तेवढाच."

ते बरं म्हणाले. त्यांना भिंतीकडे तोंड करून निजायचं होतं. ते आता त्यांना एकट्यानं जमत नाही, म्हणून मी पट्टा सोडला, एक हात पाठीखाली घातला, एक गुडघ्यापाशी, आणि त्यांना धरून वळवलं.